दुप्पट इसार

सोलापूर,
बुधवार, २५ एप्रिल १९३४

प्रिय यशू,

मंगळवार, १७ एप्रिल, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे, कारण असं काही घडलंच नाही असा आव तू पुढे आणशील. घड्याळात मी पाहिलं नव्हतं, आणि गिरण्यांचा संप चालू असल्याने भोंगाही होत नाही. पण त्याच क्षणी समोरच्या शाळेची सुटायची घंटा झाली. उन्हाळ्यात सकाळची शाळा दहा वीसला सुटते हे मला कुणी सांगायला नको. ती घंटा सत्तावीस वर्षं माझ्या हुकमाने वाजली आहे. तर त्या वेळी महिपती पोस्टमन ओट्यावर येऊन म्हणाला, "बाई, मनिऑर्डर हाय. चाळीस रुपयं. पाचगणीहून." मी म्हटलं, घर चुकलास, पाचगणीचं कुणी मला एक पैसा देणं लागत नाही. त्यावर तो म्हणतो, "नाव तर तुमचंच हाय की!" शाळेतल्या पन्नास मुली दारावरून चालल्या होत्या, स्वयंपाकाची बसम्मा पिठाचे हात घेऊन बाहेर आली होती, आणि महिपती नोटा मोजत होता. इतक्या साक्षीदारांसमोर तू मला खोटं ठरवलंस. वर त्याने सहीसाठी फॉर्म पुढे केला आणि मी सही केली तर म्हणतो, "हितं नव्हं बाई, जरा वर." सरकारी फॉर्म हल्ली कसे दरिद्री छापतात यावर मी त्याला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बिचाऱ्याने ते उन्हात उभं राहून ऐकलं.

आता मुद्द्याचं. मे महिन्यासाठी तुझ्या घरातल्या पश्चिमेकडच्या दोन खोल्या मी डिसेंबरातच धरल्या होत्या, दरसालप्रमाणे. दोन कशाला, असं नवे पाहुणे विचारतात तेव्हा तू सांगतेस, एक तिला निजायला आणि एक रागवायला. असो. वीस रुपये इसार पाठवला होता, तो तुला पोचला होता. सहा एप्रिलला मी तुला पत्र टाकलं की यंदा मला येता येत नाही, खोल्या दुसऱ्या कुणाला दे. तेव्हा एक मेला पंचवीस दिवस उरले होते. तुझ्या व्हरांड्यात काचेखाली लावलेल्या नियमांतलं तिसरं कलम सांगतं की येण्याच्या तारखेला एक महिना उरला नसताना पाहुण्याने बेत मोडला तर इसार परत मिळणार नाही. म्हणजे माझे वीस रुपये बुडाले, आणि ते बुडणं रास्त होतं. मी ते मनातून सोडून दिले होते. त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नव्हती. नव्हती, हे नीट वाच.

ते नियम कुणी लिहिले? मी लिहिले. तुझे यजमान गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची, एकवीस सालची गोष्ट. घर तेवढं राहिलं होतं आणि तू उन्हाळ्याचे पाहुणे घ्यायला लागली होतीस. मुंबईच्या त्या सॉलिसिटराने येण्याच्या आदल्या दिवशी तार केली की आम्ही येत नाही, पैसे परत पाठवा, आणि तू परत पाठवलेस. वर त्याच्या मुलांसाठी मोरावळ्याची बरणी पाठवलीस! मी त्या वेळी तुझ्याकडेच होते. मी इतकी संतापले की तुझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून एका दमात सहा कलमं लिहून काढली. तिसरं कलम लिहून झालं तेव्हा तू जवळ आलीस, वाचलंस आणि म्हणालीस, "शकू, सगळा दंड पाहुण्यालाच? मीच ऐन वेळी नाही म्हटलं तर? माझ्यावरही काही लाव की." मी म्हटलं, तू कुणाला नाही म्हणशील तो दिवस मला बघायचा आहे. पण तू हट्टच धरलास, म्हणून चौथं कलम लिहिलं: मालकीणबाईंनी स्वतः बेत मोडल्यास इसाराची दुप्पट रक्कम पाहुण्यास द्यावी. तेरा वर्षांत ते कलम एकदाही वापरावं लागलं नाही. आणि पहिल्यांदा वापरलंस ते कुणावर, तर लिहिणारीवर.

मनिऑर्डरीच्या कूपनवरचा तुझा मजकूर मला पाठ झाला आहे, कारण त्यात चारच ओळी आहेत. "छपराची दुरुस्ती निघाली. पश्चिमेच्या खोल्या देता येत नाहीत. कलम चौथे. यशोदा, ५ एप्रिल." पाच एप्रिल! म्हणजे माझ्या पत्राच्या एक दिवस आधीच तू बेत मोडलास, आणि माझं पत्र बापडं उशिरा पोचलेलं. महिपतीला मी पोस्टाचा ठसा वाचायला सांगितला. तो म्हणाला, "चौदा तारखेचा हाय बाई. पाचला लिहून चौदाला टाकली असंल." मी म्हटलं, नऊ दिवस ती बाई पोस्टाच्या दारात नोटा धरून उभी होती का? यशू, तुला खोटं बोलायची सवय नाही, हे इथे लगेच दिसतं. सवयीच्या माणसाला ठसा आठवला असता. आणि छप्पर! ते परवाच्या वर्षी नव्या कौलांनी शाकारलं, तेव्हा खाली उभं राहून शाकारणाऱ्या गड्यावर ओरडणारी मीच होते. मी ओरडून घेतलेलं छप्पर दोन पावसाळ्यांत गळणार नाही.

तरीही मी स्वतःला म्हटलं, माकडांनी कौलं फोडली असतील, पाचगणीत माकडं काही कमी नाहीत. पण शनिवारी रुक्मिणी आली. माझ्या शेजारची वकिलांची रुक्मिणी, तुला आठवत असेल, गेल्या साली आपल्याबरोबर टेबललँडवर चालत आली आणि अर्ध्या वाटेत बसली, तीच. ती फणकारतच आली. माझं पत्र तुला गेलं त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं की माझ्या खोल्या मोकळ्या होतील, तू लिहून बघ. तिने लिहिलं. तुझं उत्तर आलं. "तुमच्या मैत्रिणीचं काय समजावं बाई," ती म्हणाली, "खोल्या रिकाम्या आहेत, पण देत नाही म्हणतात. बहिणीसाठी राखून ठेवल्यात म्हणे, महिनाभर. त्यांना बहीण आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत." मी तिला पन्हं दिलं. त्यात मी साखरेऐवजी मीठच घातलं होतं, ते तिने भिडेने संपवलं. ते बसम्माने नंतर सांगितलं, "बाई, डबा दुसरा व्हता की तो." मी म्हटलं, डबे तू जागेवर ठेवत नाहीस. ती म्हणाली, "धा वर्सं तितंच हायती."

तुला तीन भाऊ आहेत, यशू. बहीण नाही.

म्हणजे हिशेब असा झाला की माझे बुडालेले वीस तू परत केलेस, वर आपल्या पदरचे वीस घातलेस, आणि ऐन हंगामात दोन खोल्या कुलूप लावून ठेवल्यास. वर्षभराची तुझी मिळकत एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत होते, हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या वह्या दर मे महिन्यात मी तपासते. यापुढे मी तुझ्या व्हरांड्यात बसून कुठल्या तोंडाने पाहुण्यांना तिसरं कलम वाचून दाखवायचं?

आणि अक्षर! सगळ्यांत मोठा गुन्हा तो, आणि त्याबद्दल लिहायला इतका वेळ लागला, कारण तिथेच माझा राग अडतो. कूपनवरची अक्षरं तू बोटभर उंचीची काढली आहेस. फळ्यावर बिगरीच्या मुलांसाठी काढतात तशी. एवढ्याशा कागदावर त्यामुळे चारच ओळी मावल्या. ज्या यशोदेचं अक्षर मुंगीच्या पावलांसारखं म्हणून सिस्टर बेनेडिक्टा रागवायच्या, तिचं हे अक्षर! आपल्या वर्गात त्यांनी सांगितलेलं आठवतं ना, अक्षरं ओळीवर अशी बसली पाहिजेत जशा तारेवर चिमण्या. पुण्याच्या त्या कॉन्व्हेंटात आपण दोघीच मराठी मुली, माझे वडील स्टेशनमास्तर, तुझे ओव्हरसियर. जेवायला आपलं टेबल वेगळं, आणि शिक्षा मात्र एकत्र. माझ्या चिमण्या पन्नास वर्षं तारेवरून हलल्या नाहीत. शाळेच्या दाखल्यांवर, तक्रार-अर्जांवर, म्युनिसिपालिटीला लिहिलेल्या पत्रांवर, कुठेही नाही. म्हणून सहा एप्रिलचं माझं ते पत्र मला पुन्हा बघायला मिळावं, असं आठ दिवस वाटतं आहे. ते मी दोन बैठकींत लिहिलं. अर्धं झालं, चहाला उठले, परत येऊन उरलेलं लिहिलं. आता वाटतं, मी परत बसले तेव्हा कोऱ्या जागेवर नाही, लिहिलेल्यावरच लिहीत गेले. ओळींवर ओळी. तू ते पाहिलंस. आणि एका शब्दानेही विचारलं नाहीस.

गोवराच्या वेळीही विचारलं नव्हतंस. आपण बारा वर्षांच्या असू. मला गोवर आला आणि डोळे जातील म्हणून सिस्टरांनी तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवलं, खिडकीवर काळं कापड, वाचायचं नाही, लिहायचं नाही, कुणी आत यायचं नाही. तू रोज संध्याकाळी दाराबाहेर फरशीवर बसून मला भूगोल वाचून दाखवायचीस. आणि किती चुकीचा! गोदावरी कोकणातून वाहते, सोलापूर समुद्रकाठी आहे, इथे नारळ होतात. मी आतून ओरडायची, मूर्ख मुली, माझ्या गावाला तळं आहे, समुद्र नाही! तू म्हणायचीस, पुस्तकात तर असंच आहे. मी आणखी ओरडायची. तीन आठवडे मी इतकी चिडलेली होते की अंधाराला घाबरायचं राहूनच गेलं. तुझा भूगोल कच्चा आहे असंच मी समजत होते, आणि मग वार्षिक समारंभात भूगोलाचं बक्षीस तुला मिळालं. त्यावर आपण कधी बोललो नाही. आज बोलते. शेहेचाळीस वर्षं उशिरा, पण मी तुझी आभारी आहे.

त्या मंगळवारी मनिऑर्डर घेऊन मी घरात गेले, खिडकीपाशी उभी राहिले आणि तुझं पाचगणीचं छप्पर मला कोकणातल्या गोदावरीसारखं दिसायला लागलं. कुणी माझी कीव केली तर मी पत्राचं उत्तर देत नाही, हे तुला माहीत आहे. पण कुणी चूक केली तर मी आठ पानं लिहिते, हेही तुला माहीत आहे. म्हणून तू माझ्यासाठी एक चूक करून पाठवलीस. खोटी तारीख, खोटं छप्पर, चाळीस रुपये. आणि बघ, मी लिहिते आहे. आज चौथा दिवस आहे. काळी शाई, जाड निब, आणि प्रत्येक ओळीखाली लाकडी रूळ. ओळ झाली की रूळ खाली सरकवायचा. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर खूश झाल्या असत्या.

तर ऐक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकला आहे, डावा त्याच वाटेवर. इथल्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचा कंदील मंद आहे. पण मार्गशीर्षात एके दिवशी शाळेच्या दारात एक मुलगी मला वाकून नमस्कार करून "ओळखलं का बाई?" म्हणाली, आणि मी तिला आवाज ऐकूनसुद्धा ओळखलं नाही. ती सुंदरम्मा होती. जिला शाळेत ठेवावी म्हणून मी तिच्या बापाशी त्याच्या हातमागावर बसून दोन तास भांडले होते, ती सुंदरम्मा. तिचं लग्न ठरलं होतं, ते सांगायला आली होती. मी "हो तर, ओळखलं" म्हणाले आणि तिला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली. त्या दिवसापासून घराबाहेर पडणं कमी केलं. येणारी पत्रं कधी रुक्मिणी वाचते, कधी महिपती, आणि वाचताना दोघंही आपापली मतं घालतात. पाचगणीला आले असते तर पहिल्याच सकाळी तू मला दरी दाखवली असतीस, "धुकं कुठवर आलंय बघ" म्हणाली असतीस, आणि मला अंदाजाने बोलावं लागलं असतं. तुझ्याशी अंदाजाने बोलायचं नाही म्हणून बेत मोडला. माझं सहा तारखेचं "येता येत नाही" ते एवढंच होतं.

आता व्यवहार. पश्चिमेच्या खोल्या आजच्या आज रुक्मिणीच्या नावाने लाव. तिच्याकडून इसार मी तुझ्या वतीने घेऊन ठेवला आहे आणि सहाही कलमं तोंडी ऐकवली आहेत. काल बसम्माला घेऊन पोस्टात गेले आणि तुझे चाळीस रुपये मनिऑर्डरीने परत केले. पण तो परतावा समजू नकोस. कूपनवर लिहिलं आहे ते वाच: "मिरजेचा इसार." मिरजेच्या मिशनच्या दवाखान्याने मला सोमवार, ११ जूनची तारीख दिली आहे. ऑपरेशननंतर आठ दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी, उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, आणि बरोबर घरचं एक माणूस पाहिजे, त्याशिवाय घेत नाहीत. मी एकटी येईन असं लिहिलं होतं, त्यांनी नाही म्हणून कळवलं. पुतण्या नागपूरहून येतो म्हणाला. चांगला मुलगा आहे, पण तो माझ्याशी हळू आवाजात बोलेल आणि मी घाबरेन. मला असं माणूस पाहिजे जे उशाशी बसून चुकीचा भूगोल वाचेल. जूनमध्ये तुझे पाहुणे पावसाआधी गेलेले असतात. तू वाठारला गाडी धर, मी कुर्डुवाडीवरून छोट्या गाडीने येते, बसम्मा मिरजेपर्यंत सोडायला आहे. रविवारी, १० जूनला, मिरजेच्या स्टेशनवर. तुला एवढं मागताना माझी जीभ रेटत नाही. म्हणून तुला तुझ्याच नियमांत बांधते आहे. इसार तुझ्या हाती आहे. मी बेत मोडला तर तो बुडाला, आणि तू मोडलास तर कलम चौथं, ऐंशी रुपये. पाच महिन्यांत माझ्या दारात आलेलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून न ऐकता मी स्वतः उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं एकमेव पत्र म्हणजे तुझं ते चार ओळींचं कूपन. चौथी ओळ होईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही की मी वाचते आहे. रागावले ते त्यानंतर. तेव्हा लेखी उत्तर शनिवार, ५ मेच्या संध्याकाळच्या टपालाच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. रुक्मिणीबरोबर तोंडी निरोप चालणार नाही, तार चालणार नाही, मोरावळा तर मुळीच चालणार नाही. आणि यशू, अक्षर मोठंच काढ. ते मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नाही.

तुझीच,
शकू